माणसावर किती विश्वास ठेवायचा?

वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथलीच. रामनवमीला बंजारा समाज देशभरातून तिथे लोटतो. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ही यादी आहे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा आणि त्यातून वाढत गेलेल्या व्यवस्थेचा शिक्का सोसलेल्यांची.

हा शिक्का माणसावरच्या अविश्वासातून आला. राजकारणातले दोन मोठे प्रवाह माणसाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. परंपरावादी म्हणतो, माणूस मोहाला बळी पडतो. त्याला धर्माचा, घराचा, कायद्याचा धाक हवा. उदारमतवादी म्हणतो, माणूस परिस्थितीने घडतो. त्याला शिक्षण द्या, मोकळीक द्या, तो बदलेल.

१८७१ चा कायदा झाला तेव्हा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता. १८७२ मध्ये तो मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक आले, उदारमतवादी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलला कडाडून विरोध करणारे. बहुसंख्य माणसे शिक्षेच्या भयानेच सरळ वागतात, हे त्याचे ठाम मत. पक्षाने मात्र तो लिबरल होता. १८७३ साली डंडी इथून त्या पक्षातर्फे उभा राहिला आणि पडला. पक्षाच्या पाटीवरून माणसाची मते ओळखता येत नाहीत, ती अशी.

कायदेमंडळातल्या चर्चेत युक्तिवाद झाला, की इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच. मग जमात जाहीर करायची, नावे नोंदवायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचे नाही. जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे कलमही घातले. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेली ही व्यवस्था १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी देशभर पसरली.

बंजाऱ्यांच्या तांड्यांची परिस्थिती काय होती? पिढ्यानपिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारे हे लोक. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडातली वाहतूक तिच्याकडे वळू लागली. हातचा धंदा गेलेल्या माणसाला त्याचे रक्तच वाईट म्हणणे हा सरळसरळ अन्याय होता.

उदारमतवादी तरी वेगळे वागले का? मिलने पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली. १८५९ च्या त्याच्या 'ऑन लिबर्टी'त मागासलेल्या समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळले आहे. माणसावरचा त्याचा विश्वास मुंबई बंदराच्या अलीकडे आलाच नाही.

पण स्टीफनला निव्वळ खलनायक ठरवणेही बरोबर नाही. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा त्यानेच रचला. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा धरता येणार नाही, हे त्यातले २५ वे कलम. ही तरतूद मूळची १८६१ ची, त्याने ती कायम ठेवली. सत्ता हातात असलेलाही माणूसच असतो आणि मोहात पडतो, ही जाण त्यात आहे. अविश्वास वरच्याकडे वळला की दुबळ्याला संरक्षण मिळते. खालच्याकडे वळला की तांड्याला हजेरी लागते. परंपरावादाचा हा शहाणा भाग उदारमतवाद्यांनी मनापासून घ्यायला हवा.

महाराष्ट्राने तो एकदा घेतला. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले. त्यांच्या कारकिर्दीत १९७२ चा दुष्काळ पडला आणि वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. काम मागेल त्याला काम, ही तिची प्रतिज्ञा. गरजू माणूस उन्हात खडी फोडायला येईल, हा विश्वास तिच्या मुळाशी होता. सोबत मस्टर होते, कामाचे मोजमाप होते. तरीही खोट्या मस्टरांची प्रकरणे झाली, म्हणजे पहारा लागतोच. १९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षण आले: ज्या मजुरावर संशय घ्यायचा, त्यानेच आता सरकारी हिशेब तपासायचा!

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय कागदोपत्री टिकला. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवीत बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या दोनच दिवस आधी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्यात होत्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश न्यायालयाने दिला आणि नियमावल्या सुधारायला राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली.