सही आणि अंगठा

गेल्या नोव्हेंबर महिन्यांतील एका सकाळीं, मी हयात आहें किंवा नाहीं, याविषयीं एका यंत्रानें संशय घेतला. स्वतःविषयीं असा संशय मला कधीं आला नव्हता. त्यामुळें प्रथम हंसूं आलें. परंतु हंसण्याचा भर ओसरल्यावर जो विचार मनांत राहिला, तो आज आपल्यापुढें मांडावा, एवढाच माझा हेतु आहे.

प्रसंग असा. आम्हां निवृत्त शिक्षकांना दर वर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या योजनेमुळें तो बोट टेकवूनहि देतां येतो. कागद नको, रांग नको. बोट टेकवावें आणि घरीं जावें, असें ऐकून मी बारामतींतील एका लहानशा केंद्रांत गेलों. तेथील तरुण मोठा सालस होता. ‘काका, बोट ठेवा,’ तो म्हणाला. मीं ठेवलें. तांबडा दिवा लागला. ‘पुसून ठेवा.’ पुसून ठेवलें. ‘जरा दाबून.’ दाबून ठेवलें. उजव्या हाताचीं पांच झालीं, डाव्याचीं पांच झालीं. मग सर्व्हर बंद पडला. तो सुरू होईपर्यंत चहा झाला, आणि चहानंतर पुन्हां तींच दहा बोटें. अखेर तो तरुण, एखादी दुःखद वार्ता सांगावी तशा खालच्या आवाजांत म्हणाला, ‘काका, तुमचे ठसे जुळत नाहींत.’

तेथून उठून मी बँकेंत गेलों. तेथें निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची यादी होती. तींत माझ्या नांवापुढें मीं सही केली आणि तीन मिनिटांत सरकारदरबारीं पुन्हां जिवंत झालों.

माझी गोष्ट येथें संपली. परंतु सही करून बाहेर पडतांना मला एका बाईंची आठवण झाली, आणि ती आठवण सुखाची नव्हती.

आपल्या मराठींत अंगठ्याला फारशी प्रतिष्ठा नाहीं. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण कोणाच्या कौतुकासाठीं वापरीत नाहीं. फसविण्याला आपण ‘अंगठा दाखविणें’ म्हणतों. सावकाराच्या खतावर ‘निशाणी डावा अंगठा’ हीं तीन अक्षरेंबद्ध पदें उमटलीं कीं वर काय लिहिलें आहे हें पाहण्याचा अधिकार जणू संपला, अशी समजूत होती. म्हणून या प्रांतांत लोकांच्या बोटांची शाई पुसण्याची खटपट पुष्कळांनीं केली. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढें ती महाराष्ट्रभर पसरली. २ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्या लाटेंत, नुकताच नोकरीस लागलेला मी, जुन्या अकरावीचा मॅट्रिक, इंदापूर तालुक्यांतील एका गांवीं रात्रीचा वर्ग चालवूं लागलों. देवळाचा ओटा ही शाळा, कंदील हा दिवा, आणि दिवसभर उसाच्या फडांत राबून आलेलीं माणसें हे विद्यार्थी.

त्या वर्गांत एक बाई येत. सारे गांव त्यांना आक्का म्हणे. वय तेव्हां पस्तिशीच्या आसपास. कोयत्याची आणि खुरप्याची मूठ आंवळून आंवळून बोटें अशीं ताठरलीं होतीं कीं पाटीवरची पेन्सिल त्यांत मावत नसे. पहिल्या आठवड्यांत त्यांनीं चार पेन्सिली मोडल्या. मीं नांव लिहून दिलें होतें. तें त्या घरीं परातींतल्या पिठांत बोटानें गिरवीत आणि मग त्याच पिठाच्या भाकरी थापीत. तीन आठवड्यांनीं नांव जमलें. त्यापुढें मीं आंकडे शिकविले; कारण सही ही नुसती खूण नव्हे, सही करणारानें वरचें वाचलें पाहिजे, हें मला माझ्या गुरुजींनीं शिकविलें होतें.

त्या सुमारास रोजगार हमीचीं कामें चालू होतीं. हमीचा कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. आक्का एका रस्त्याच्या कामावर होत्या. मजुरीच्या दिवशीं कारकुनानें नेहमीप्रमाणें शाईची गादी पुढें सरकविली. आक्कांनीं ती परत सरकविली आणि म्हणाल्या, ‘लेखणी द्या.’ त्यांनीं सही केली. पण करण्यापूर्वीं हजेरीपत्रकावर आपल्या नांवापुढचा आंकडा वाचला. काम सहा दिवस केलें होतें. आंकडा पांच होता. ती चूक होती कीं आणखी कांहीं, हें मी सांगूं शकत नाहीं. तो आंकडा दुरुस्त झाला, एवढें मात्र खरें. माझ्या सगळ्या नोकरींत याहून मोठा निकाल मीं लावला, असें मला वाटत नाहीं.

या आक्का आज ऐंशीच्या पुढें आहेत. घरीं एकट्या असतात. रेशनचें धान्य हा त्यांचा मुख्य आधार. बँकेंतून सही करून घरीं आल्यावर, चार दिवसांनीं, मी त्यांना भेटावयास गेलों. त्या महिन्यांत त्या दुकानावर तीनदां जाऊन रिकाम्या पिशवीनें परत आल्या होत्या. एकदां रेंज नव्हती, एकदां सर्व्हर चालत नव्हता, आणि तिसऱ्या वेळीं सारें चालू असून यंत्रानें त्यांचा अंगठा ओळखला नाहीं. दुकानदार वाईट माणूस नव्हे. रेंज मिळावी म्हणून तो बिचारा तें यंत्र घेऊन चिंचेखालीं उभा राहतो. परंतु यंत्रांतून पावती निघाल्यावांचून धान्य दिलें तर हिशेब त्याच्या गळ्यांत येतो.

आक्का मला म्हणाल्या, ‘गुर्जी, तुम्ही सही शिकिवली. आता ह्ये पुन्हा अंगठाच मागत्यात. बरं, अंगठा दिला तर म्हणत्यात, ह्यो तुमचा न्हाई. मग माझा अंगठा गेला कुठं?’

श्रोतेहो, या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तें अवघड नाहीं. बोटाच्या टोंकावर ज्या बारीक रेषा असतात त्यांचे उंचवटे आणि खांचा यंत्र पाहतें. उसाच्या पानाची कड धारदार असते; ती वर्षानुवर्षें बोटांवरून फिरते. राखेनें भांडीं घासणें, शेण थापणें, माती-चुन्याचें काम, यांनीं त्या रेषा झिजतात. वय झालें म्हणजे कातडी कोरडी आणि सैल होते. मग यंत्राला रेषांच्या जागीं नुसता डाग दिसतो. म्हणजे आक्कांचा अंगठा कोठें गेला? तो उसाच्या फडांत गेला. त्यांतला कांहीं भाग आपल्या चहांतील साखरेंत आला, असें म्हटलें तरी चालेल. माझाहि थोडा खडूंत गेला असावा.

बोटावरून माणूस ओळखण्याची ही कल्पनाहि नवी नाहीं. ती आपल्याच देशांत वाढली. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढें १८७७ सालीं हुगळी येथें त्यानें पेन्शनदारांचे ठसे घेण्यास आरंभ केला. हेतु हा कीं पेन्शनदार वारल्यावर दुसऱ्या कोणीं त्याच्या नांवें पैसे उचलूं नयेत. म्हणजे माझ्यावर यंत्रानें घेतलेला संशय चांगला दीडशें वर्षांचा जुना आहे. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें पहिलें कार्यालय निघालें. तेथील वर्गीकरणाच्या कामांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघां भारतीयांची बुद्धि खर्ची पडली. आणि आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांत, टेंभली या गांवीं.

यंत्राची बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. यंत्र येण्यापूर्वीं सारें आलबेल होतें असें कोणी म्हणेल तर त्याची स्मरणशक्ति अधू म्हणावी लागेल. मेलेल्या माणसांच्या नांवें साखर आणि रॉकेल उचललें जाई, एकाच घरीं दोन दोन शिधापत्रिका असत, आणि ‘माल संपला’ ही पाटी माल येण्यापूर्वींच तयार असे. शिवाय २०१९ पासून एका ठिकाणची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यांतहि चालण्यास आरंभ झाला. आमच्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबाला गांव सोडल्यावरहि धान्य घेतां यावें, ही सोय यंत्रावांचून झाली नसती. म्हणून यंत्र फेकून द्या, असें सांगण्यास मी आलों नाहीं.

माझें म्हणणें कालव्याच्या उदाहरणानें सांगतों. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके नीरा डाव्या कालव्यानें एका सूत्रांत ओंवलेले आहेत. वीर येथून निघालेलें पाणी आधीं बारामतीकडे येतें आणि मग इंदापूरकडे जातें. वरच्या शेतांत पाणी तुडुंब आणि शेपटाला धूळ, ही या कालव्याची जुनी तक्रार. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्यांनीं याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धति आणली, ती कालव्याचा लाभ मोजक्या गांवांत न सांचतां अधिक गांवांना मिळावा म्हणून. पाळी सुटली म्हणजे प्रथम शेवटच्या शेताला पाणी द्यावें आणि मग वर यावें, असा नियम आहे. ‘टेल टू हेड’ हे शब्द आमच्याकडील अक्षरशत्रु शेतकऱ्यालाहि पाठ असतात. नियम नेहमीं पाळला जातो असें नाहीं; पण तो का केला, हें लहान मूलहि सांगेल. पाणी शेपटाला पोंचलें तर वाटेंत सर्वांना मिळालेंच असणार. उलट मात्र खरें नाहीं.

सरकारी यंत्रांची परीक्षाहि अशीच शेपटाकडून व्हावी. पुण्यांतील गुळगुळीत बोटावर, भरपूर रेंजमध्यें जें यंत्र चालतें, तें चालतें असें म्हणण्याची घाई करूं नये. चिंचेखालीं, ऐंशी वर्षांच्या बोटावर चाललें म्हणजे चाललें. आणि मला सर्वांत बोंचलेली गोष्ट ती हीच. माझें बोट नाकारलें गेलें तेव्हां माझी सही चालली. आक्कांचें बोट नाकारलें गेलें तेव्हां त्यांना सही कोणीं विचारली नाहीं. आम्हां दोघांत शेपटाला कोण, हें यंत्रानें अचूक ओळखलें.

वस्तुतः तरतूद आहे. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं केंद्र सरकारनें राज्यांना कळविलें आहे कीं ठसा जुळला नाहीं म्हणून कोणाहि हक्कदाराला धान्य नाकारूं नये. दुसऱ्या मार्गानें ओळख पटवावी आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. सर्वोच्च न्यायालयानेंहि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत आधार वैध ठरवितांना, ओळख न पटल्यामुळें कोणी लाभापासून वंचित होऊं नये, ही चिंता मनावर घेतली आहे. हयातीच्या दाखल्यासाठीं २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे. ठसे पुसट झाले असल्यास आधार केंद्रांत ते पुन्हां नोंदवितां येतात. आपल्या राज्यांत २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे; त्याखालीं अधिसूचित झालेल्या सेवेचा अर्ज फेटाळावयाचा तर कारण लेखी द्यावें लागतें आणि त्यावर अपील करतां येतें. इतकें सारें कागदावर आहे. परंतु ज्याला तें ठाऊक असतें त्याला त्याची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला तें कोणी सांगत नाहीं.

येथें मी आपणांसारख्या सुशिक्षित कुटुंबांना एक विनंति करतों. आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाई, इमारतीचा रखवालदार, बागेंत काम करणारे आजोबा, यांना एकदां सहज विचारा, ‘तुमचा अंगठा उमटतो ना?’ उत्तर नकारार्थी आलें तर एक सकाळ खर्च करून त्यांच्याबरोबर जा. भांडूं नका. शांतपणें विचारा, ‘नोंदवही कोठें आहे?’ लिहितां वाचतां येणारें माणूस शेजारीं उभें राहिलें कीं पुष्कळ कुलुपें आपोआप उघडतात. हें योग्य नाहीं, पण खरें आहे.

मीहि तेंच केलें. आक्कांना घेऊन दुकानावर गेलों. दुकानदारानें दोनदां यंत्र लावून पाहिलें, तालुक्याला दूरध्वनि केला, आणि मग कपाटांतून एक वही काढली. ती पुष्कळ दिवसांत उघडली गेली नव्हती. तींत त्यानें आक्कांचें नांव लिहिलें, धान्य लिहिलें, आणि सवयीनें शाईची गादी शोधूं लागला.

‘लेखणी द्या,’ आक्का म्हणाल्या.

हात आतां कांपतो. तीन अक्षरांना बराच वेळ लागला. मागें रांग होती. कोणी कुरकुरलें नाहीं. परंतु मीं पाहिलें तें हें, कीं लेखणी टेकण्यापूर्वीं त्यांनीं तेंच झिजलेलें बोट वहीवर ठेवून वरचा आंकडा वाचला. पांच किलो. तो बरोबर होता. मग त्यांनीं सही केली.