कृष्णाकाठी आपले स्वागत

संमेलनाच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षण खात्यातील अधिकारी मंडळी, वाईकर नागरिक, आणि लांबचा प्रवास करून, रजा टाकून, घरची कामे बाजूला ठेवून आलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो,

वाईनगरीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. सहावी ते आठवीच्या वर्गातील तंत्रज्ञानाचे प्रकल्प आणि त्यांवर मुलांनी स्वतः चालवलेले ब्लॉग, हा आपल्या संमेलनाचा विषय. मी पेठेतला हळदीचा व्यापारी. या विषयातले जाणकार आपण आहात. स्वागताध्यक्षपदाची विनंती घेऊन कार्यवाह बाई दुकानात आल्या, तेव्हा मी त्यांना विचारले की संमेलन वाईतच का. त्या म्हणाल्या, वाईत लोक लिहून ठेवतात म्हणून. त्यावर मला नाही म्हणता आले नाही.

आपल्यापैकी बरेच जण सकाळी गणपतीच्या घाटावर जाऊन आले असतील. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. घाट पाहताना ही भिंत बघायची राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळही रास्त्यांचेच. कृष्णाबाईचा उत्सव आमच्याकडे आळीवार होतो. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी, प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा आणि प्रत्येक आळीचा अभिमानही वेगळा. उद्या दुपारी मेणवलीला जाण्यासाठी गाड्यांची सोय केली आहे. नाना फडणविसांचा वाडा, घाट, आणि चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती पोर्तुगीज घंटा आपण बघालच. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे मेणवली आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. इतिहास संशोधक मात्र तिला मेणवली दफ्तरामुळे ओळखतात. नानांनी कागद जपले, म्हणून उत्तर पेशवाईचा एवढा तपशील आज आपल्या हाती आहे.

प्राज्ञपाठशाळेबद्दल मी थोडे जास्त बोलणार आहे. वेळ पाळण्याची सूचना मला मिळालेली आहे, तरीही बोलणार आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या गावात मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून पाठशाळा उभी राहिली. धर्मकोश आणि मीमांसाकोश ही प्रचंड कामे इथली. लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून इथे शिकायला आले, पुढे तर्कतीर्थ झाले आणि कायमचे वाईकर झाले. त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्याला न होता वाईला झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला. वीस खंड पुरे व्हायला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. कोणत्याही नोंदीच्या शेवटी पाहा, ती लिहिणाऱ्याचे नाव असते. नोंद एकाने लिहायची, दुसऱ्याने तपासायची, तिसऱ्याने भाषा नीट करायची, मग ती छापायची. आमच्या गावातल्या कितीतरी घरांतली माणसे या कामात होती. रात्री जेवताना घरी एखाद्या वनस्पतीच्या नावावरून वाद चालायचे, हे मी लहानपणी शेजारच्या घरात ऐकले आहे.

याच पाठशाळेत १९१७ साली एक विद्यार्थी आला होता. वय एकवीस-बावीस. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन तो वेदान्त शिकायला नारायणशास्त्र्यांकडे आला. नाव विनायक नरहरी भावे. विनोबा वाईत शिकले एवढे सगळ्यांना माहीत असते, पण त्यांनी इथे आणखी काय केले ते आज वाईतही फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांनी गावातल्या मुलांचे एक विद्यार्थी मंडळ काढले आणि त्याचे वाचनालय सुरू केले. पुस्तकांना पैसे हवेत, म्हणून दळणाचा वर्ग काढला. लोक पीठगिरणीत नेतील ते दळण ही मुले स्वतः जात्यावर दळून द्यायची. दोन शेरांना एक पैसा, आणि तो पैसा वाचनालयाला. विनोबा आणि पंधरा मुले जात्याला बसत. त्यांत चांगल्या सुखवस्तू घरांतली मुलेही होती. वाचनालयात चारशे पुस्तके जमली. १९१७ सालच्या वाईत, शास्त्र्यांच्या आणि सावकारांच्या गावात, हायस्कुलातली मुले पुस्तकांसाठी जाते ओढत होती, या गोष्टीची पाटी गावात कुठेतरी लागायला हवी. नगरपरिषदेचे पदाधिकारी इथे बसले आहेत, त्यांना मी जाहीर विनंती करतो.

हे सगळे आपल्याला कळते ते विनोबांनी गांधीजींना लिहिलेल्या पत्रामुळे. कोणकोणते ग्रंथ वाचले, गीतेचा वर्ग किती जणांना शिकवला, सुमारे चारशे मैल पायी कुठे कुठे फिरलो, आहारात काय घेतले आणि काय सोडले, दळणाचा दर काय होता, असा सगळा हिशेब त्या पत्रात आहे. शिकणाऱ्या माणसाने आपण काय केले ते दूरच्या वाचकासाठी तपशिलाने लिहिले. मुलांनी प्रकल्प करताना नेमके हेच करावे असे मला वाटते, आणि म्हणून हे संमेलन वाईत भरले याचा मला मनापासून आनंद आहे.

आणखी एक नाव घेतो. काशीनाथ वामन लेले आणि त्यांचा मोदवृत्त छापखाना. संस्कृतातले थोरले ग्रंथ मराठी भाषांतरासह या छापखान्यातून निघाले. ‘मोदवृत्त’ नावाचे पत्रही वाईतूनच निघे. १८९७ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, त्याच वर्षी या छोट्या गावातल्या पत्रावरही भरला गेला. तेव्हा वाईत रेल्वे नव्हती, आजही नाही, पण गावाचा स्वतःचा छापखाना होता आणि गाव काय म्हणते ते सरकारला वाचावे लागत होते.

कार्यवाह बाईंनी मला फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाबद्दल सांगितले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ बोलणे त्यांना झेपत नसे. १९२४ साली बार-स्युर-लू या खेड्यातल्या शाळेत त्यांनी छोटे छपाईयंत्र आणले. मुले स्वतः लिहीत, खिळे जुळवत, छापत आणि ते कागद पार ब्रिटनीतल्या एका शाळेला टपालाने पाठवत. तिकडून उत्तरे येत. आज ते यंत्र शाळेच्या संगणकात आणि शिक्षकांच्या मोबाईलमध्ये आहे. मुलांच्या ब्लॉगचे मूळ मला तिथे दिसते.

आमच्याकडच्या एका शाळेतले उदाहरण सांगतो, कारण ते हळदीशी संबंधित आहे. सातवीच्या मुलांनी हळद लावलेल्या जमिनीतला ओलावा मोजायचे ठरवले. दोन खिळे मातीत रोवायचे आणि त्यांतून थोडा विद्युतप्रवाह सोडायचा. ओल्या मातीतून तो जास्त जातो, कोरड्या मातीतून कमी. त्यावरून एलईडी लागतो आणि पाणी द्यायचे की नाही ते कळते. विज्ञान प्रदर्शनात हे यंत्र छान चालले असते आणि बक्षीसही मिळाले असते. पण त्यांच्या वर्गाच्या बाईंनी रोजचा आकडा वर्गाच्या ब्लॉगवर लिहायला लावला. पंधरवड्याने पाणी तेवढेच घालूनही आकडा उतरू लागला. मुले गोंधळली. तरी ते त्यांनी तसेच लिहिले आणि खिळे उपटून त्यांचा फोटो टाकला. खिळ्यांवर थर चढला होता. दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेतून एका मुलीने लिहिले की प्रवाह सारखा चालू ठेवू नका, मोजायच्या वेळेपुरताच सोडा, नाहीतर खिळे झिजतात. तिच्या गटाला हाच त्रास झाला होता. दोन शाळांतली मुले एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण एकीचा अनुभव दुसऱ्यांच्या कामी आला. माझ्या मते प्रकल्प त्या दिवशी पुरा झाला.

बाजारातून थर्माकोल आणि तयार संच आणून आईवडिलांनी आदल्या रात्री केलेले प्रकल्प मी बक्षीससमारंभांत खूप पाहिले आहेत. लिखाणाची सक्ती असती तर त्यातले बरेचसे आलेच नसते. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा मानला. अटल टिंकरिंग लॅबमुळे कित्येक शाळांत सेन्सर, मोटारी, थ्रीडी प्रिंटर आले. सामान आले ही मोठी गोष्ट आहे. पण त्या सामानाने मुलाने मंगळवारी काय केले आणि बुधवारी ते का बिघडले, हे लिहिलेले नसेल तर पुढच्या वर्षीची सातवी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

पालक म्हणून एक काळजीही मांडतो. मुलांचे पूर्ण नाव, चेहऱ्याचा फोटो, घरचा पत्ता यांपैकी काही कुठे जाता कामा नये. गटाचे नाव लिहावे, हाताचे आणि यंत्राचे फोटो टाकावेत, शिक्षकांनी वाचल्याशिवाय काही प्रसिद्ध करू नये. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. उद्याच्या चर्चेत या संमतीपत्राचा मराठी नमुना तयार झाला तर आमच्यासारख्या गावांतल्या मुख्याध्यापकांचा मोठा अडसर दूर होईल. आणि मुलांनी मराठीतच लिहावे, प्रकल्पाचे लिखाण इंग्रजीतच हवे असा आग्रह धरू नये, ही विश्वकोशाच्या गावातून माझी कळकळीची विनंती.

आता व्यवस्थेबद्दल. आमच्याकडून उणिवा राहिल्या आहेत आणि त्यांची जाणीव मला आहे. निवासाची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली. मंगल कार्यालयात उतरलेल्या मंडळींना गरम पाणी सकाळी उशिरा मिळाले, त्याबद्दल मी क्षमा मागतो. उद्यासाठी दुसरा बंब लावला आहे. इंटरनेटची जोडणी आपल्या कार्यशाळेला पुरेल की नाही याची धास्ती कालपर्यंत होती. दुसरी जोडणी रात्री बसली आहे, वीज गेल्यास जनरेटर आहे. घाटाकडच्या रस्त्यावर वाहने लावू नयेत, शाळेच्या मैदानावर जागा केली आहे. मधुमेह असलेल्यांसाठी वेगळी पंगत आहे, स्वयंसेवकांना सांगावे. भगिनींसाठी विश्रांतीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढू न शकणाऱ्यांसाठी तळमजल्यावरचा मुख्याध्यापकांचा कक्ष मोकळा करून घेतला आहे.

पेठेतल्या हळद आणि गुळाच्या व्यापाऱ्यांनी भोजनखर्चाचा मोठा भाग उचलला. नावे जाहीर करू नका असा त्यांचा आग्रह आहे, तो मी पाळतो, पण आभार जाहीरच मानतो. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या बागायतदारांनी फळे पाठवली. बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून स्वयंपाकघरात आहेत, भाकरीची चव आपण घेतली आहेच. नगरपरिषदेने मैदान, पाणी आणि सफाई कर्मचारी दिले. सभागृह उघडून देणाऱ्या शाळेच्या विश्वस्तांचे, ध्वनिक्षेपकाचे भाडे न घेणाऱ्या मंडपवाल्यांचे, परगावी नोकरीला असलेल्या आणि वर्गणी पाठवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे, रिक्षा संघटनेच्या चालकांचे, आणि सुट्टी सोडून स्वयंसेवक झालेल्या नववीच्या मुलामुलींचे मी आभार मानतो. सेवानिवृत्त झालेल्या एका शिक्षिकेने आपली पहिली पेन्शन या कामासाठी दिली. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना मी नमस्कार करतो.

मुलांच्या दहा ब्लॉगांमधले निवडक लिखाण छापून बाहेरच्या दालनात मांडले आहे. खाली कोरी पाने ठेवली आहेत. त्यांवर आपला अभिप्राय नावासह लिहावा, तो मुलांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी माझी. अध्यक्ष महोदयांना मी विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करून संमेलनाचे उद्घाटन करावे. स्वागत समितीच्या सभासदांनी पुष्पगुच्छ घेऊन व्यासपीठावर यावे.