निवांत वाजवायचं म्हणजे काय

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे, की आपल्या धंद्यातलं काहीतरी सांगायचं, पण सगळ्यांना कळेल असं. आपल्या वर्गातले काही जण डॉक्टर झाले, काही साखर कारखान्यात गेले, कुणी एसटीत, कुणी बँकेत, कुणी घरची शेती सांभाळली. मी पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो. हे सांगितलं की गावाकडं पहिला प्रश्न येतो, "म्हणजे डॉल्बी लावतोस काय रे?" तेही केलंय. बेंजो पार्टीबरोबर फिरलो, ऑर्केस्ट्राच्या मिक्सरवर बसलो, मिरवणुकांचा साउंड सांभाळला. पण गेली काही वर्षं माझ्याकडं जी तरुण पोरं-पोरी गाणी रेकॉर्ड करायला येतात, त्यातली बरीच एका वेगळ्याच प्रकारचं वाजवतात. त्याला इंडी रॉक म्हणतात. त्यातही जो संथ, सैल, अंगावर न येणारा प्रकार आहे, त्याला आपल्याकडं एकच नेमका शब्द आहे: निवांत.

आधी 'इंडी'चा अर्थ सांगतो. इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र. सुरुवातीला हा शब्द आवाजाबद्दल नव्हताच, व्यवहाराबद्दल होता. १९७७ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने पैसे घेऊन स्वतःच आपली तबकडी काढली. मोठ्या कंपनीच्या दारात उभं न राहताही गाणं लोकांपर्यंत जातं, हे त्यातून दिसलं. १९८० पासून तिकडं अशा स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादीच छापली जाऊ लागली. पैसा थोडा, माणसं थोडी, जागा लहान, हा या संगीताचा जन्म. त्याचा आवाजही त्या टंचाईतूनच घडला.

आपली पिढी कॅसेटवर वाढली, म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. कॅसेटला ए आणि बी अशा दोन बाजू, आणि प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन पट्टे. म्हणजे फितीवर एकूण चार पट्टे. १९७९ साली टास्कॅम कंपनीनं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. ते साध्या कॅसेटवर चारही पट्टे एकाच दिशेनं वापरायचं. एकावर ड्रम, एकावर बेस, एकावर गिटार, एकावर आवाज. झाला तुमचा स्टुडिओ, तोही झोपायच्या खोलीत! पण पट्टे चारच, म्हणून वाद्यांची गर्दी करता येत नाही. भिंतीपलीकडं शेजारी, म्हणून ओरडून गाता येत नाही. फित किंचित कमी-जास्त वेगानं फिरायची, म्हणून सूर डुलायचा. आपल्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं कसं झोकांड्या खायचं, आठवतंय ना? त्याचंच हे सौम्य रूप. आज कॉम्प्युटरवर शंभर पट्टे मिळतात, तरी पोरं तो डुलणारा सूर मुद्दाम पेडल लावून आणतात. एके काळची अडचण आज रीत झाली आहे.

आता या गाण्यात ऐकायचं काय? गिटार स्वच्छ असते, करकरीत नाही. हेवी मेटलमध्ये गिटारचा आवाज फाडून टाकतात. इथं एकेक तार सुटी वाजते, आणि तिच्याभोवती थोडा घुमारा असतो. त्याला रिव्हर्ब म्हणतात. रिव्हर्ब कसा असतो हे पन्हाळ्याच्या माणसाला शिकवायला नको. अंबरखान्यात गंगा कोठीत शिरून आपण नावं पुकारायचो आणि आवाज भिंतींवरून फिरून परत यायचा, तोच हा. गाण्यात तो बेतानं घालायचा, नाहीतर सगळाच गिचका होतो. बहुतेक वेळा दोन गिटारी असतात. एक बोलते तेव्हा दुसरी थांबते. बेस खाली नुसता धबधब करत नाही, स्वतःची एक चाल घेऊन चालतो. ड्रमवाला जोर लावत नाही, आणि ठोका केसभर मागे टाकतो. लय चुकत नाही, फक्त घाई नसते. गाणारा माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलल्यासारखं गातो, आणि त्याचा आवाज वाद्यांच्या डोक्यावर न बसता त्यांच्या रांगेतच राहतो. शब्द साधे: खोली, पाऊस, उशिरा उठलेली सकाळ, न केलेला फोन. शेवटी टाळ्या घेणारी तान नाही. गाणं वाजत वाजत थांबतं.

ज्यांना नमुना ऐकायचा असेल त्यांनी मोबाइलवर शोधा. अमेरिकेतल्या रिअल इस्टेट या बँडचा २०११चा 'डेज', किंवा कॅनडाच्या मॅक डिमार्कोचा २०१४चा 'सॅलड डेज'. आणि इतक्या लांब कशाला? पुण्यातल्या ईझी वाँडरलिंग्ज या मंडळींचा 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम २०१७ साली आला. गाणी इंग्रजी आहेत, पण ती पुण्यातल्या पोरांनी केलेली आहेत. पुण्यातच डिसेंबर २०१० मध्ये एनएच-सेव्हन वीकेंडर हा महोत्सव सुरू झाला आणि स्वतःची गाणी करणाऱ्या बँडना मोठ्या मैदानावरचा श्रोता मिळाला. जयपूरच्या प्रतीक कुहाडचं एक शांत गाणं तर बराक ओबामांनी २०१९च्या आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घातलं होतं.

ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड आहे, हे तर कुणीही वाजवेल. इथंच गंमत आहे. माझ्या स्टुडिओत एक तरुण ड्रमर आला होता. ढोल-ताशा पथकात तयार झालेला, हाताला विलक्षण वेग. त्याला एका संथ गाण्यात फक्त चार साधे ठोके द्यायचे होते. वीसएक टेक झाले. प्रत्येक वेळी मोकळी जागा दिसली की त्याचा हात ती भरायला धावायचा. शेवटी मी म्हटलं, "बाळा, तू वाजवू नकोस, वाट बघ." मग जमलं. कोल्हापूर हे अल्लादिया खाँसाहेबांचं गाव. विलंबित लयीत दोन मात्रांमधलं अंतर सांभाळणं किती कठीण, हे देवल क्लबात बसून गाणं ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. जागा जितकी मोकळी, तितकी चूक उघडी पडते.

मोरोपंत याच पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मले, हे आपल्या मराठीच्या बाईंनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरंच न वापरता. कुणी सांगितलं होतं? स्वतःच घालून घेतलेली अट. निवांत वाजवणाऱ्यांच्याही अशाच अटी असतात: ओरडायचं नाही, वेग दाखवायचा नाही, दुसऱ्याची जागा खायची नाही. वाचताना मोरोपंतांची मेहनत डोळ्यात भरते. इथं मात्र मेहनत दिसली की गाणं बिघडलं, एवढाच फरक.

आणि हळू गाणं आपल्याला नवीन कुठं आहे? भावगीत म्हणजे दुसरं काय होतं? 'शुक्रतारा' आठवा. शब्द पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. माइक आला म्हणून गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही. त्याला कानाशी बोलता आलं. खेड्यापाड्यातल्या रेडिओवर लाखो लोकांनी ते ऐकलं आणि प्रत्येकाला वाटलं, हे मला एकट्याला सांगतायत.

सगळंच छान आहे असं मी म्हणत नाही. या संगीतातही नकला सुरू झाल्यात. तोच डुलणारा सूर, तोच अर्धवट झोपेतला आवाज, शब्द गिळून टाकायचे आणि म्हणायचं ही आमची स्टाइल. काही मुलं गिटार सुरात न लावताच येतात. त्यांना मी परत पाठवतो. निवांत म्हणजे ढिसाळ नव्हे. शेतावर औत सोडल्यावर बांधावर बसलेला माणूस निवांत असतो, कारण त्याचं काम झालेलं असतं.

आता थोडं माझं सांगतो. चार वर्षांपूर्वी मी कानांची तपासणी केली. डाव्या कानाच्या आलेखात चार हजार हर्ट्झपाशी खड्डा निघाला. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचा खड्डा बहुधा तिथंच पडतो. बहिरेपणा नाही, पण स, श, ट असली बारीक व्यंजनं विरघळतात. बायको स्वयंपाकघरातून काही विचारते, मला नुसते स्वर ऐकू येतात. रात्री खोली शांत झाली की कानात शिट्टी वाजते. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. त्यावर दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरपुढं पोरं किती तास नाचतात, ते तुम्हीच मोजा.

मी हलगीच्या विरोधात नाही. हलगी-घुमक्याचा कडकडाट ऐकला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, पाय थांबत नाहीत. पोवाडा हळू म्हणून चालणारच नाही. पण सगळाच आनंद एका आवाजात साजरा करायची सवय लागली, की दुसऱ्याचं ऐकणं सुटतं. आपण ५० जण कितीतरी वर्षांनी भेटतोय. कुणाची आई गेली, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलानं नाव काढलं. हे सगळं एकमेकांच्या कानात ओरडून सांगायचं काय?

संध्याकाळच्या कार्यक्रमाचा साउंड संयोजकांनी माझ्याकडं दिला आहे. मी दोनच लहान स्पीकर आणलेत. आवाज इतकाच ठेवणार, की शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल. "मर्दा, जरा वाढव की" म्हणून कुणी मिक्सरपाशी येऊ नका, मी वाढवणार नाही. त्याऐवजी एक करा. आपल्यातले तिघे-चौघे शाळेच्या गॅदरिंगला वाजवायचे. पेटी होती, ढोलकी होती, एक गिटारही होती. कालपासून मी त्यांना विचारतोय, आणि सगळ्यांचं एकच उत्तर: "आता हात चालत नाही रे." या प्रकारच्या गाण्याला हात फार चालावाच लागत नाही. तीन कॉर्ड पुरतात. लय सांभाळा, एकमेकांकडं बघा, कुणी अडलं तर बाकीच्यांनी थांबा. माइक मी तोंडाजवळ लावून देईन. ओरडायची गरज पडणार नाही.

आणि सर, बाई, तुमच्या खुर्च्या आम्ही पुढच्या रांगेत ठेवल्या आहेत. वर्गात तुम्ही "शांत बसा" म्हणायचात, तेव्हा आम्ही कधी बसलो नाही. आज बसतो.