हायस्कुलांतील शेतीशिक्षण

अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनींत मृगाचा पाऊस पडला म्हणजे घरोघर एकच चिंता असते: पेरलेलें उगवेल कीं नाहीं? न उगवलें तर दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे पुष्कळदां नवें कर्ज. २०२० सालच्या खरिपांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं झाल्या, हें अनेकांच्या स्मरणांत असेल.

या संकटावरील एक साधा उपाय हायस्कुलांतील विद्यार्थ्यांच्या हातीं आहे. घरच्या बियाण्यांतून शंभर दाणे निवड न करतां घ्यावे, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींनीं मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें व वाळूं देऊं नये. सहा-सात दिवसांनीं उलगडून निरोगी कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणें पेरण्यास योग्य. साठच निघाले, तर एकरीं तीस किलोंच्या जागीं पस्तीस किलो बी लागेल, हें त्रैराशिकानें विद्यार्थीच काढील. सोयाबीनचें साल पातळ असतें. मळणींत मार बसला कीं आंतील अंकुर दुखावतो, आणि वरून टपोरा दिसणारा दाणाही मातींत कुजतो. न उगवलेले चाळीस दाणे ज्यानें स्वतः मोजले, त्याला हें निराळें पाठ करावें लागत नाहीं.

हा विचार नवा नव्हे. शेजारच्या वर्ध्यास १९३७ सालीं भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याचा पुरस्कार केला. पुढें १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापिला. हायस्कुलांतील मुलांनीं आठवड्यांतील एक दिवस शेती, पशुपालन व इतर कामें हातांनीं करून शिकावीं, अशी पद्धति तेथें रूढ झाली.

सुशिक्षित घरांतून यावर आक्षेप येतो कीं, मुलांस शिकवावयाचें तें शेत सुटावें म्हणूनच ना? याचें उत्तर वऱ्हाडानेंच दिलेलें आहे. पापळच्या शेतकरी घरांतील पंजाबराव देशमुख विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली. तरी परत येऊन अमरावतीस त्यांनीं शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि १९५२ पासून दहा वर्षें देशाचें कृषिखातें सांभाळलें. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ त्यांचेंच नांव धारण करतें. विद्येनें त्यांचें शेताशीं असलेलें नातें तुटलें नाहीं.

मात्र एक पथ्य पाळावयास हवें. मुलांच्या हातीं खुरपें दिलें आणि वही दिली नाहीं, तर ती वेठ होय. काय पेरलें, किती उगवलें, कीड कोणत्या दिवशीं दिसली, खर्च किती व उत्पन्न किती, याची नोंद मुलांनीं ठेवली पाहिजे, आणि शिक्षकांनीं ती गणित-विज्ञानाच्या तासाला उघडली पाहिजे.

ज्या शहरवासीयांची शेती गांवीं मक्त्यानें दिलेली आहे, त्यांच्या मुलांनींही शंभर दाण्यांची ही परीक्षा वैशाखांतच घ्यावी. बियाणें कमी प्रतीचें ठरलें, तर पाऊस येण्यापूर्वीं तें बदलण्यास अवधि राहतो.