हात ऐकेनासा झाला म्हणजे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी पाककृतीवर बोलावे असा काहींचा आग्रह होता. म्हणून सुरुवात भाकरीपासूनच करते.

तांदळाची भाकरी थापताना आपण हाताकडे पाहत नाही. तव्याचा ताव बघतो, पोराला शाळेची आठवण करतो, आणि भाकरी परातीत गोल फिरत राहते. हे कसब हातात आहे असे आपण म्हणतो. ते असते डोक्यात. मेंदूच्या वरच्या थरातून हुकूम सुटतो. डाव्या बाजूचा हुकूम उजव्या हाताला, उजव्या बाजूचा डाव्याला. मागचा लहान मेंदू थापेचा तोल आणि ठेका सांभाळतो. आणि मेंदूच्या गाभ्यातले काही पुंज सरावाच्या हालचाली आपल्या नकळत सुरू करतात, थांबवतात. नवशिकीची भाकरी फाटते, कारण तिला प्रत्येक थाप विचार करून घालावी लागते.

हे यंत्र कधी एकाएकी बिघडते. हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. आपल्याकडे ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात आणि तेल चोळत बसतात. वारे कसले! मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली असते किंवा फुटलेली असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, तेही सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. तेव्हा घड्याळ पाहा, १०८ ला फोन करा, आणि रोग्याच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका. गिळणेही बिघडलेले असू शकते.

दुसरा बिघाड चोरपावलांनी येतो. तो म्हणजे कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव. स्वस्थ बसले असता हात थरथरतो, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याचे बटण लावायला दहा मिनिटे लागतात. चेहऱ्यावरचे भाव मावळतात. मग घरात बोलणी सुरू होतात: मामंजी मुद्दाम उशीर करतात, सासूबाई तोंड फुगवून बसल्या आहेत. हा मोठा अन्याय आहे. त्या माणसाची इच्छा शाबूत असते. मध्यमेंदूतल्या एका काळसर भागातल्या पेशी झिजतात, त्या करतात ते डोपामीन नावाचे द्रव्य कमी पडते, आणि ते गाभ्यातले पुंज हालचाल वेळेवर सुरू करू शकत नाहीत.

हे कळले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. १९५७ साली स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळातून निघते. ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आणि हे लेव्होडोपा कशात असते? आपल्या कोकणच्या झुडपांवर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत! भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते त्यातून १९३७ सालीच वेगळे केले होते. पण म्हणून कोणी घरी बियांची पूड करून घालू नये. पुडीत औषध किती उतरले ते कळत नाही, आणि वर डॉक्टरांची गोळी चालू असली तर मात्रा भलतीच होते.

गोळीबरोबर घराचेही काम असते. मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या आरेखनकार बाईंचे काका या दुखण्याचे. सपाट जमिनीवर त्यांची पावले अडत, पण जिना ते सहज उतरत. बाईंनी जमिनीवर जिन्याचे नुसते चित्र पसरले, आणि काका त्यावरून चालत गेले! हे त्यांनी २०१५ साली एका व्याख्यानात सांगितले. डोळ्यांना पायरी दिसली, की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो. सर्वांना गुण येईलच असे नाही, पण करून पाहण्यात खर्च तो काय?

आपल्या विचुंब्यात कोणाच्या घरी असा माणूस असेल, तर माजघरापासून मोरीपर्यंत पावलाएवढ्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवा. पाऊल अडले तर हात धरून ओढू नका. ‘एक, दोन’ असा ठेका द्या. चालताना त्यांना प्रश्न विचारू नका. गोळी घड्याळाप्रमाणेच द्या, आणि डाळ-मासळीच्या जेवणाबरोबर ती नको, कारण अशा अन्नाने तिचा असर कमी होतो. जेवणाआधी किती वेळ द्यायची, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात लावा.