कोटेशन न जोडलेलं पत्र

२००१च्या जानेवारीत डग्लस कोनंट अमेरिकेतल्या कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रमुखपदी आले, तेव्हा शेअरचा भाव निम्म्यावर घसरला होता आणि कर्मचाऱ्यांचा वरिष्ठांवर भरवसा उरला नव्हता. त्यांनी केलेल्या अनेक उपायांतला एक अगदी साधा होता. कुठल्या विभागात कुणी काय चांगलं काम केलं, याची माहिती ते रोज मागवत आणि त्या माणसाला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहीत. दिवसाला दहा ते वीस. दहा वर्षांत हा आकडा ३०,०००च्या घरात गेला. कंपनीत माणसं होती सुमारे २०,०००. २००९मध्ये मोटार अपघातात ते गंभीर जखमी झाले, तेव्हा जगभरातल्या कर्मचाऱ्यांची पत्रं त्यांच्याकडे येऊ लागली.

याउलट जो जिरार्ड. डेट्रॉइटजवळच्या या विक्रेत्याने १९६३ ते १९७८ या काळात १३,००१ शेवरोले मोटारी विकल्या. तो गिऱ्हाइकांना दरमहा कार्ड पाठवायचा. कार्ड छापील, मजकूर सगळ्यांना तोच. गिऱ्हाइकाच्या मनात नाव टिकून राहायला तेवढं पुरलं. पण हे जाहिरातीचं काम झालं, ओळख वाढवण्याचं नव्हे.

मग माणसं लिहीत का नाहीत? वेळ नसतो म्हणून, असं सांगितलं जातं. खरी अडचण संकोचाची असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८मध्ये आभारपत्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोरच्याला हे अवघडल्यासारखं वाटेल, अशी लिहिणाऱ्यांना धास्ती होती. ती वाजवीपेक्षा जास्त निघाली. आणि पत्र मिळणाऱ्याला जो आनंद झाला, त्याचा त्यांना पुरता अंदाजच आला नव्हता. मोल आधी मजकुराचं आहे. हस्ताक्षर त्यात एक भर घालतं: हे पत्र शंभर जणांना एकदम गेलेलं नाही, याची ते खात्री देतं. अक्षर वळणदार नसलं तरी चालतं, वाचता आलं पाहिजे.

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीला कुणी कच्चा माल पुरवतो. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ हे वाक्य फौंड्रीच्या मालकाने हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहावं: ‘मंगळवारी आमची गाडी रात्री साडेअकराला पोचली. तरी तुमच्या स्टोअरमधली पोरं थांबली, माल उतरवून घेतला, ड्रायव्हरला जेवूही घातलं. त्यांना आमचा नमस्कार सांगा.’ एवढंच. मालक ही चिठ्ठी स्टोअरमध्ये वाचून दाखवेल, आणि पुरवठादाराला खरी गरज त्या पोरांचीच असते. त्याच पाकिटात नवं कोटेशन घातलं, की चिठ्ठी फुकट गेली.

काम अडलं असताना लिहिलेली चिठ्ठी वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. म्हणून रतन टाटांचं एक पत्र फार मोलाचं वाटतं. पी. व्ही. नरसिंह राव मे १९९६मध्ये पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. त्यानंतर ऑगस्टमध्ये टाटांनी त्यांना स्वहस्ताक्षरात पत्र लिहून आर्थिक सुधारणांचं श्रेय मोकळेपणाने दिलं. राव सत्तेवर असताना असंच पत्र गेलं असतं, तर त्याला निराळा वास आला असता. टाटांच्या निधनानंतर, २०२४मध्ये, उद्योगपती हर्ष गोएंका यांनी ते लोकांसमोर आणलं.

आपल्याकडे परचेस ऑफिसर निवृत्त झाला, की पुढच्या दिवाळीला त्याच्या घरची डायरी आणि मिठाईचा बॉक्स बंद होतो. बॉक्स बंद झाला तर होऊ द्यावा, पत्र मात्र जरूर लिहावं. नवख्या कारखानदाराला पहिली ऑर्डर देताना त्याने स्वतःच्या साहेबांपुढे काय जोखीम पत्करली होती, ते त्यात यावं. पहिला लॉट नापास झाला तेव्हा त्याने दुसरी संधी दिली असेल, तर तेही यावं. त्याच्या खुर्चीवर आता कोण बसलं आहे, ही चौकशी मात्र त्या पत्रात करू नये.