तारण कोठून आणावे?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे पुष्कळांना, निदान शिक्षक मंडळींना, ठाऊक असेलच. त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. बेडी तुटली खरी. पण दुकान टाकायचे तर भांडवल कोठून आणावे?

गुलामगिरी संपली त्याच वर्षी, म्हणजे १८६५ साली, या लोकांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. मजुरांनी, धोबिणींनी, शिपायांनी तीत पै-पै टाकली. बँकेच्या पाठीशी सरकार आहे, अशी बिचाऱ्यांची समजूत. आणि ती तशी व्हावी अशीच जाहिरात होती. कारभाऱ्यांनी पैसा भलत्यांना कर्जाऊ दिला, आणि १८७४ साली बँक बुडाली. साठ हजारांवर ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. कित्येकांना पुढे थोडा अंश मिळाला, बाकीच्यांना छदामही नाही.

तरी माणसे खचली नाहीत. १९०३ साली रिचमंड शहरात मॅगी वॉकर या बाईंनी पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. यांची आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. ओक्लाहोमा राज्यात टल्सा शहरी ग्रीनवुड नावाची काळ्यांची भरभराटलेली पेठ होती. हॉटेले, दवाखाने, चित्रपटगृह, वर्तमानपत्र, सारे काही. १९२१च्या मे महिन्याअखेर गोऱ्या जमावाने तिचे सुमारे ३५ ब्लॉक जाळून टाकले. विमा कंपन्यांनी काय केले म्हणाल, तर ‘दंग्याचे नुकसान आम्ही भरीत नाही’ या कलमावर बोट ठेवून दावे परत केले! अंगी धंद्याची अक्कल नाही, असे या लोकांना कोणत्या तोंडाने म्हणावे?

कोणी म्हणेल, ही जुनी गाऱ्हाणी झाली. पण आपल्या शेतकऱ्याला तारण म्हणजे काय, हे सांगायला नको. सातबारा पुढे केल्याशिवाय कर्जाची गोष्ट निघत नाही. तिकडे लहान धंदेवाला पुष्कळदा राहते घर गहाण टाकूनच सुरुवात करतो. आता १९३०नंतर सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले, त्यांत काळ्यांच्या वस्त्या बहुतेक तांबड्या रंगात, म्हणजे कर्जाला धोक्याच्या, दाखविल्या. सरकारी हमीचे गृहकर्ज अशा वस्तीत सहसा मिळेना. १९६८ साली कायद्याने हा भेद बंद केला. पण बापाने घरच घेतले नाही, तर मुलगा गहाण काय टाकणार?

लोकसंख्येत काळे लोक सुमारे १४ टक्के. पण पगारी नोकर ठेवणाऱ्या धंद्यांत त्यांचे धंदे, २०२२च्या आकड्यांप्रमाणे, सुमारे ३ टक्केच.

२०२०च्या साथीत फेब्रुवारी ते एप्रिल या काळात धंदा करणाऱ्या काळ्या मालकांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली. सरकारने मदतीची कर्जे काढली, पण वाटप बँकांमार्फत. ज्यांची बँकेत आधीची ऊठबस, त्यांचे अर्ज पुढे सरकले. एकट्याने सलून किंवा खानावळ चालविणारा रांगेत मागे राहिला. जानेवारी २०२१मध्ये नवी फेरी निघाली, तेव्हा पहिले काही दिवस फक्त गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या लहान पतसंस्थांनाच अर्ज घेऊ दिले. तोवर नऊ महिने होऊन गेले होते.